पाण्यात उरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमचा आकडा सोलापूरकरांना कळू द्या

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, पाणी कधी येणार? काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी पिंप, बॅरल, हौद भरून ठेवणाऱ्या घरांना दुसरे काही सुचणारही नाही. मी मात्र त्या पाण्यात काय उरते याबद्दल लिहितो आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हा विषय काही केल्या डोक्यातून जात नाही.

पाणी उजनीचे असो, टाकळीला भीमेतून उचललेले असो की हिप्परग्याचे, गाळणीपर्यंत जाण्याआधी ते निवळावे लागते. जलशुद्धीकरणात त्यासाठी तुरटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात. मातीचे बारीक कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. अ‍ॅल्युमिनियममुळे तो भार नाहीसा होतो, कणांचे पुंजके बनतात आणि तळाला बसतात. तुरटीला माझा अजिबात विरोध नाही. ती बंद केली तर कावीळ आणि हगवण दारात उभी राहील. माझे म्हणणे आहे ते मात्रेबद्दल आणि सामूबद्दल, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या पीएच आकड्याबद्दल.

सामू 6 ते 7 च्या आसपास असेल तर अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ सगळे साक्यात, म्हणजे तळाला बसणाऱ्या गाळात, उतरते. सामू 8 च्या वर गेला की ते पुन्हा विरघळू लागते, आणि विरघळलेले काही वाळूच्या गाळणीत अडकत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की सगळेच सावध होतात. मला काळजी वाटते ती उन्हाळ्याची. उजनीचे पाणी हिरवे झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. भर उन्हात ते शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढतो, दुपारी सर्वांत जास्त. अशा वेळी सकाळी ठरवलेली मात्रा दुपारी चुकू शकते. पाणी मात्र दिसायला नितळच राहते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

यावरचा उपाय प्रत्येक केंद्राला ठाऊक असतो. जार टेस्टमध्ये सहा चंचुपात्रांत तेच कच्चे पाणी घेतात, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत नेतात, आधी जोरात आणि मग हळूहळू ढवळतात, आणि साका बसला की वरचे पाणी तपासतात. हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. पावसाळ्यात आणि शेवाळाच्या दिवसांत ते दिवसातून किमान दोनदा व्हावे, आणि त्यात गढूळपणाबरोबर उरलेले अ‍ॅल्युमिनियमही मोजले जावे.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम लिटरला 0.03 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर 0.2 पर्यंत चालवून घेतात. अल्झायमरशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, त्यामुळे घरातली अ‍ॅल्युमिनियमची पातेली फेकून द्या असे सांगणाऱ्या निरोपांना मी भीक घालत नाही. पोटात गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी एक टक्काही रक्तात उतरत नाही, आणि उतरते त्यातले बहुतेक निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांनी काय करायचे? आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक मावशी डायलिसिसला जातात. चार तासांच्या एका बैठकीत सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी पातळ पडद्यापलीकडून त्यांच्या रक्ताला लागून वाहते. म्हणून त्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याहून कितीतरी कडक आहे. 1970 च्या दशकात परदेशात डायलिसिसचे रुग्ण अडखळत बोलू लागले, त्यांना झटके येऊ लागले, अनेक जण दगावले. 1976 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमकडे बोट दाखवले. 1996 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर नव्या जलवाहिनीच्या आतल्या सिमेंटच्या थरातून अ‍ॅल्युमिनियम झिरपले आणि डायलिसिसवरचे दहा रुग्ण दगावले. तिथले पाणी समुद्राचे गोडे केलेले होते, आपले तसे नाही. तरीही कोणतीही नवी जलवाहिनी सुरू करताना ही तपासणी व्हायलाच हवी. रुग्णालयांत आरओ यंत्रे असतात, पण त्यांचे पडदे झिजतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढवली की त्याच दिवशी शहरातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्राला फोन किंवा संदेश गेला पाहिजे. याला खर्च जवळजवळ नाहीच.

लपवाछपवीने काय होते ते इंग्लंडमधल्या कॅमलफर्डने दाखवले. जुलै 1988 मध्ये तिथे वीस टन अ‍ॅल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतले गेले आणि सुमारे वीस हजार लोकांच्या नळांत पोचले. नेमके काय घडले ते लोकांना दोन आठवडे उलटून गेल्यावर सांगण्यात आले. चूक माणसाकडून होते, पण त्या गप्प बसण्याचा राग तिथल्या लोकांच्या मनात कित्येक वर्षे राहिला.

राहिला साका. जगभर हा अ‍ॅल्युमिनियमयुक्त गाळ बऱ्याचदा नाल्यात सोडला जातो. तळ त्याखाली गुदमरतो, आणि पाणी आम्लधर्मी असेल तर माशांच्या कल्ल्यांवर घाला येतो. आपली काळी चुनखडीची जमीन आम्लधर्मी नाही, हे त्यातल्या त्यात बरे. पण हाच साका फॉस्फरस धरून ठेवतो, आणि शेवाळ पोसते ते फॉस्फरसवरच. सांडपाणी प्रक्रियेत त्याचा उपयोग करता येईल. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांतला साका वाळवून त्याचा एक प्रयोग तरी करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गढूळपणा, क्लोरीन, सामू आणि उरलेले अ‍ॅल्युमिनियम हे चार आकडे रोज प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत लावा. पूर्व भागात तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा. 0.03 च्या वर आकडा गेला तर तोही लावा, आणि त्याखाली काय उपाय केला ते लिहा. तपासणी शिकवण्यासाठी निवृत्त शिक्षक लागले तर मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर