आई-बाबांना अथेन्सहून: पाणी, उदक आणि उकडलेले गहू

पांग्राती, अथेन्स

ती. बाबा आणि आई यांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "हे आताचे ग्रीक खरंच त्या सॉक्रेटिसचे का गं? की नुसतं नावच राहिलंय?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पत्र. शिवाय फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत.

बाबा, हा प्रश्न इथे कुणाला विचारू नका हं. १८३० साली फालमेरायर नावाच्या जर्मन विद्वानानं लिहून टाकलं, की आजच्या ग्रीकांत प्राचीन ग्रीकांच्या शुद्ध रक्ताचा थेंबही नाही. तुर्कांच्या हाताखालून नुकत्याच सुटलेल्या देशाला ते फार झोंबलं. युरोपला पुरावा द्यायचा म्हणून मग साफसफाई जोरात सुरू झाली. पार्थेनॉन म्हणजे आधी अथेना देवीचं देऊळ, पुढे मेरीमातेचं चर्च, मग मशीद. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्यानं आतला दारूसाठा उडाला आणि इमारत फुटली. स्वातंत्र्यानंतर पार्थेनॉनच्या टेकडीवरची मधल्या काळातली बांधकामं एकेक करून पाडली. एक उंच बुरूज तर १८७५ पर्यंत उभा होता, तोही गेला. आज लोक ज्याच्यापुढे फोटो काढतात तो प्राचीन देखावा एकोणिसाव्या शतकानं असा निवडून-पाखडून ठेवलेला आहे. सगळे तिथे भारावतात, मी जरा चिडते. मधल्या दीड हजार वर्षांत माणसं राहतच नव्हती का तिथे?

दगडांचं झालं तेच भाषेचं. लोक बोलतात ती भाषा बाटलेली, म्हणून जुन्या वळणाची एक शुद्ध ग्रीक घडवली, 'काथारेवुसा'. कचेरी, कोर्ट, शाळा सगळं त्यात. १९०१ साली बायबलमधल्या शुभवर्तमानांचं बोलीतलं भाषांतर वर्तमानपत्रात छापलं, तर अथेन्समध्ये दंगल पेटून आठ माणसं मेली. एका भाषांतरापायी! बोलीला सरकारी मान मिळाला तो थेट १९७६ मध्ये. (बाबा, पेपरातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं सुधारणारे तुम्ही. सांभाळून.)

आता खरी गंमत सांगते. पाण्याला जुन्या ग्रीकमध्ये शब्द होता 'हुदोर'. त्याचा आणि आपल्या 'उदक'चा धातू एकच, सख्खी भावंडं. आज कुणी तो पिण्याच्या पाण्याला वापरत नाही, सगळे 'नेरो' म्हणतात. शुद्धीवाल्यांना 'नेरो' गावंढळ वाटायचा. पण तो आला कुठून? 'ताजं पाणी' यातला पाणी गळला आणि 'ताजं' उरलं, तेच 'नेरो'. म्हणजे तोही ग्रीकच, तोही जुनाच. आपलं 'पाणी' तरी काय, 'पानीय' म्हणजे पिण्याजोगं. उदक संध्येच्या पळीत राहिलं, पाणी माठात आलं. यांचंही 'हुदोर' असंच कोपऱ्यात टिकून आहे. परवा नळ गळत होता, तर नळवाल्याला हाक मारायची ती 'इद्राव्लिकोस' अशी!

पावाचंही तेच. बेकरीच्या पाटीवर रुबाबात 'आर्तोपिइओ', आणि सगळी गल्ली म्हणते 'फूर्नोस'ला जाऊन येते. तो 'फूर्नोस' तर रोमनांचा. पाव मात्र तितकाच गरम.

म्हणून बाबा, मी रक्ताचा हिशेब सोडून दिलाय. कार्ल्याच्या लेण्यात तुम्ही मला खांबावरचा लेख दाखवला होता, धेनुकाकट गावच्या यवनाचं दान. यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवायचं आणि नाव आपल्याकडचं! तो ग्रीक होता की नव्हता यावर तुम्ही आणि काका लोणावळा येईपर्यंत भांडलात. खांब त्यानं दिला, एवढं मात्र नक्की.

आई, तुझ्यासाठी राहिलंय ते सांगते. मागच्या रविवारी घरमालकीणबाईंच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं. आदल्या दिवशी मला मदतीला बोलावलं. गहू उकडायचे, फडक्यावर पसरून रात्रभर कोरडे करायचे, मग त्यात बेदाणे, बदाम, दालचिनी, डाळिंबाचे दाणे. वर भाजलेल्या पिठाचा थर, त्यावर पिठीसाखर दाबून गुळगुळीत करायची आणि चंदेरी गोळ्यांनी क्रूस काढायचा. याला म्हणतात 'कोलिवा'. चर्चमध्ये पाद्री मंत्र म्हणतो, मग सगळ्यांना पुड्यांतून वाटतात. पुडी घेताना म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. तुझी गव्हाची खीर आठवली, फक्त ही कोरडी.

प्राचीन अथेन्समध्ये वसंतातल्या सणाच्या शेवटच्या दिवशी मृतांसाठी सगळी धान्यं एकत्र शिजवून हर्मिस देवाला वाहायचे. तेच धान्य चर्चमध्ये शिरलं, असं बरेच अभ्यासक मानतात. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक? सासूबाई करायच्या तसं करते. पण बाई गं, गहू फाटता कामा नयेत." गहू फाटले असते तर मात्र माझी खैर नव्हती.

निघताना त्यांनी एक पुडी जास्तीची दिली. "तुझ्या आजीसाठी." गेल्या वर्षी मला वेळेवर तिकीट मिळालं नाही आणि मी पोचले नाही, हे मी त्यांना कधीतरी बोलून गेले होते. मी विसरले होते, त्या विसरल्या नव्हत्या.

ती पुडी मी उघडलेली नाही. आई, दुसऱ्या कुणाच्या श्राद्धाचं खावं की नाही, तूच सांग.

आणि आजीचं वर्षश्राद्ध कधी येतं ते कळव. बाई गहू आणून ठेवणार आहेत. तारीख दरवर्षी बदलते म्हटल्यावर मला वाटलं गोंधळतील, पण त्यांना चटकन कळलं. यांचा ईस्टरही चंद्र बघूनच ठरतो.

तुमची,
धाकटी