नळीत शिरलेल्या मालाचा क्रम बदलता येत नाही

मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

मुंबईतल्या माहुलहून मनमाडजवळच्या पानेवाडीला पेट्रोल आणि डिझेल एकाच १८ इंची नळीतून येतं, एकामागून एक. अंतर सुमारे २५० किलोमीटर. किलोमीटरला साधारण १५० किलोलिटर माल मावतो, म्हणजे नळीतच ३७ हजार किलोलिटरच्या वर माल. ताशी ५०० किलोलिटरने पंपिंग धरलं, तर आज माहुलला सोडलेलं डिझेल पानेवाडीला चौथ्या दिवशी हाती लागतं.

अशी नळी जिथे अनेक कंपन्या वापरतात, तिथे आमची मागणी एकच आहे: प्रत्येकीचं नॉमिनेशन, म्हणजे कोणता माल किती आणि कोणत्या क्रमाने हवा ही मागणी, पंपिंगच्या १० दिवस आधी गोठवा.

ऐनवेळी ‘आधी पेट्रोल द्या’ असा निरोप आला की डिझेलची सलग बॅच तोडून मध्ये पेट्रोल घुसवावं लागतं. दोन मालांत पडदा नसतो, ते एकमेकांना टेकूनच धावतात. दोन मालांच्या प्रत्येक सांध्याला इंटरफेस, म्हणजे दोन्हींचं मिश्रण, तयार होतो, आणि बॅच ३ हजार किलोलिटरची असो की १५ हजारांची, तो तेवढाच. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल गेलं तरी फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ३५ अंशांच्या मर्यादेखाली येतो. पेट्रोलमध्ये डिझेल गेलं की शेवटचा उत्कलनांक, म्हणजे सगळा माल उकळून संपतो ते तापमान, २१० अंशांच्या मर्यादेवर जातो. मग हा माल वेगळ्या टाकीत घ्या, लॅब म्हणेल तेवढाच चांगल्या मालात मिसळा, नाहीतर रिफायनरीला परत पाठवा.

दुसरं दुखणं टाकीतल्या जागेचं. कंपन्या कागदावर टाकीची पूर्ण क्षमता लिहितात. तळाचा न उपसता येणारा माल, वरची सुरक्षित पातळी, आणि माल निवळून, पाणी काढून, नमुना पास होईपर्यंत अडकलेली टाकी हे कोणी वजा करत नाही. टाकी भरली की पंप बंद. त्या क्षणी सांधा सह्याद्रीच्या चढावर असेल, वर डिझेल आणि खाली पेट्रोल असेल, तर जड डिझेल उताराला घसरतं आणि इंटरफेस लांबत जातो. आधी कळलं तर सांधा सपाटीवर येईपर्यंत थांबता येतं. फोन अर्धा तास आधी आला तर नाही.

तेव्हा नॉमिनेशनसोबत रोजची खरी मोकळी जागा लेखी घ्या. २००६ च्या कायद्याने नेमलेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाला हे नियमात घालायला सांगा. मुदतीनंतर क्रम बदलणाऱ्याकडून त्या इंटरफेसचा खर्च वसूल करा. जूनच्या पेरणीत डिझेलची मागणी अचानक वाढते हे खरं. त्यासाठी क्रमाला हात न लावता बॅचच्या आकारात १० टक्के कमी-जास्तीची मुभा ठेवा.

आपले,
पाइपलाइन नियोजनाचं काम करणारे काही जण