समोरच्या खोलीतल्या स्पीकरांबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
नागपूरहून बेबीचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी घाईत निघाले, त्यात स्पीकरांचं निम्मं सांगायचं राहून गेलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा दोनदा ‘हो हो’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहिते. आई, तू वाचून दाखवू नकोस. बाबांनाच चष्मा लावून वाचू दे.

बाबा, पोळ्याला आले होते तेव्हाच हे मनात घेतलं होतं. टीव्हीचा आवाज शेजारच्या काकूंच्या अंगणापर्यंत जात होता, तरी तुम्ही आईला विचारत होता, “का म्हणते तो?” आईने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती “काही नाही” म्हणाली आणि तुम्ही उठून सपरीत जाऊन बसलात, दिवा न लावता. मला सायकलच्या दांडीवर बसवून दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली नाटकं पहाटेपर्यंत दाखवणारा माझा बाप बोलणं कळत नाही म्हणून अंधारात बसतो, हे मला सहन झालं नाही. घरी येऊन रडले, मग चौकशीला लागले.

बाबा, तुमचं लक्ष नसतं असं आईला वाटतं, ते खरं नाही. वय झालं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं त्याच आवाजांची. म्हणून ‘साप’ म्हटलं की ‘ताप’ ऐकू येतं. टीव्ही मोठा केला तर ढोलकी आणि मोटारीची घरघरही मोठी होते आणि बोलणं त्याखाली दबतं. त्यात आपल्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले. आवाज टेबलावर आपटूनच तुमच्यापर्यंत येतो.

आता जे लावलंय त्याला ५.१ म्हणतात. पाच स्पीकर आणि जमिनीवरचा तो जड डबा, म्हणजे वूफर. पाचांतला टीव्हीच्या खालचा आडवा स्पीकर तुमचा. माणसांचं बोलणं मुख्यतः त्यातूनच येतं आणि त्याचा आवाज मी बाकीच्यांपेक्षा चढा ठेवलाय. आई, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकू नकोस गं, आणि त्याला शोकेसच्या आतही सरकवू नकोस. तो काठाला टेकून तुमच्या तोंडाकडे पाहत राहिला पाहिजे.

बाबा, मंडईत तुम्ही जागा कशी धरायचात, आठवतं? पुढे वादकांजवळ नाही आणि पार मागेही नाही. दोन्ही बाजूंच्या भोंग्यांच्या बरोबर मधे पोतं अंथरायचात आणि म्हणायचात, “इथं बोलणं फुटत नाही.” मी तेच केलंय. डावा-उजवा स्पीकर एकमेकांपासून जितका लांब, तितकीच तुमची खुर्ची दोघांपासून लांब. आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं, ८ फूट भरलं. खुर्चीच्या चारही पायांपाशी फरशीवर खडूच्या खुणा आहेत. आई, पुसताना तेवढ्या राहू दे. मागचे दोन स्पीकर तुमच्या खांद्यांच्या जरा मागे, कानापेक्षा हातभर उंच आहेत. त्यांच्यातून पाऊस, टाळ्या, गर्दी असलं काही येईल. बातम्यांच्या वेळी ते गप्पच वाटतील. ते बिघडलेत असं समजू नका.

पहिल्या संध्याकाळी बोलणं कुठून येतंय तेच कळेना आणि वूफर जवळ असूनही आवाज पोकळ. चूक माझी होती. डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली होती. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जायचा आणि दोघं मिळून आवाज खायचे. फिरवली आणि खोली भरली. तेव्हा बाबा, तुम्ही आईकडे न बघता हसलात. सिरियलमधल्या सासूच्या बोलण्यावर हसलात. माझी दिवाळी तिथेच झाली.

उंदरांसाठी सगळ्या वायरी केसिंग-पट्टीत घातल्यात. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ नवं भरलंय. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. ढग भरून आले की, गडगडायच्या आधीच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशच्या छत्रीची वायरही सेट-टॉप बॉक्समधून सोडवायची. आपल्याकडे वीज कशी पडते ते तुम्हाला मी काय सांगू.

रात्री आई झोपली की रिमोटवरचं ‘नाइट’ दाबा. मोठे आवाज दबतात, हळू बोललेलं वर येतं.

आणि एक, रागावू नका. यंत्राने खोली सुधारते, कान नाही. मंडईचे दिवस संपले की मी येते, तुम्हाला नागपूरला आणते आणि कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी करू. बंद खोलीत बसवून हेडफोन लावतात, बारीक शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. दुखत नाही. मशीन लावावं लागलं तर लावू. डोळ्यांना चष्मा लावताना तुम्हाला कुठे लाज वाटली होती? नाटकवाले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या झाडीपट्टीचा, इथल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा मान झाला म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटलेत. यंदा मंडईतलं नाटक मागच्या रांगेत नुसतं बघत बसू नका. तुमची ती मधली जागा धरा.

शेवटचं, हे विसरू नका. सध्या मागच्या भिंतीला लवकर निघालेल्या हलक्या धानाची पोती रचलीत. स्लॅबच्या त्या खोलीत टाळी वाजवली की घुमायची, ते घुमणं पोत्यांनी पिऊन टाकलंय, म्हणून बोलणं इतकं स्वच्छ येतंय. धान विकलं की खोली परत घुमायला लागेल आणि तुम्हाला वाटेल, मशीन खराब झालं. पोती हलली की आईला फोन करायला सांगा. तोवर मागच्या भिंतीला दोरी बांधून आजीच्या दोन जाड गोधड्या टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. पडदे मी घेऊन येते.

तुमची,
बेबी