क्लेटसाहेबांवर मराठीत पुस्तिका : फोटो, वेळ आणि थोडे पैसे हवेत

स्टुटगार्टकर मराठी मंडळींनो, नमस्कार!

मुख्य स्टेशनाखालच्या भुयारी मार्गातून आपण रोज जातो. ट्रेन पकडायच्या घाईत हातात ब्रेत्सेल (इथला खारा, पिळाचा पाव) घेतो आणि पळतो. त्या जागेचं नाव आर्नुल्फ क्लेट पासाज. हे क्लेट कोण, असं मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात विचारलं, तर हात वर झाले दोन. त्यातला एक इथल्या शाळेत शिकणाऱ्या पोराचा!

मुंबई आणि स्टुटगार्ट या भगिनी-शहरांचं नातं १९६८ मध्ये जुळलं, ते हे क्लेट स्टुटगार्टचे महापौर असतानाच. इथला महापौर म्हणजे नुसता मानाचा धनी नव्हे. आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल ते. क्लेट पेशाने वकील, कुठल्याच पक्षाचे नव्हते. नाझींनी १९३३ मध्ये त्यांना काही काळ छळछावणीत डांबलं होतं. एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच फौजा शहरात शिरल्या आणि चाळिशीतल्या या माणसाच्या हाती बेचिराख गाव दिलं. पुढे लोकांनीही त्यांनाच निवडून दिलं. १९७४ मध्ये गेले तेव्हाही ते पदावरच होते.

बिर्केनकोफ टेकडीवर एकदा जाऊन या. बाँबहल्ल्यांत पडलेल्या घरांचा सुमारे १५ लाख घनमीटर राडारोडा क्लेटांच्याच कारकिर्दीत, १९५३ ते १९५७ या काळात, तिथे नेऊन टाकला. टेकडी ४० मीटरने वाढली. माथ्यावर कोरीव खिडक्यांच्या चौकटी, खांबांचे तुकडे अजून उघडे पडलेत. हात लावला की कुणाच्या तरी दारावरची नक्षी बोटांना लागते.

क्लेटांचं सगळंच गोड नाही. मोटारींसाठी रुंद रस्ते काढायच्या नादात शहराने बरंच जुनं गमावलं. वास्तुविशारद एरिख मेंडेलसोनने बांधलेलं शॉकेन हे मोठं दुकान जगभरातून विरोध होऊनही १९६० मध्ये पाडलं. पुस्तिकेत हेही येणार. आरती ओवाळायची नाहीये.

आता मुद्द्याचं. साठ-सत्तरच्या दशकांत शिकायला किंवा नोकरीला इथे आलेल्यांच्या घरी त्या काळचे फोटो, घरी धाडलेली पत्रं, ट्रामची तिकिटं असतील. मुंबई-पुण्यात आईवडिलांच्या कपाटातही बघा. मूळ वस्तू नको, स्कॅन पुरे. जुन्या जर्मन बातम्या वाचून मराठीत उतरवणारे तिघेचौघे हवेत. इथली श्वाबियन बोली कळणारा कुणी भेटला तर आमचं नशीब.

आणि पैसे. छपाई, फोटोंच्या हक्कांची फी, टपाल, एवढाच खर्च. लिहिणारे-तपासणारे सगळे फुकट राबताहेत. दहा युरो दिलेत तरी चालतील. पुस्तिका नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मोफत द्यायची आहे.

गणपतीत मंडपात खजिनदारांचं टेबल असेल. रोख देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय हलू नका, आणि कपाटं मात्र त्याआधीच उघडा.