नावे संपेपर्यंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच दिवसांत तुला पत्र लिहिले नाही आणि फोनवरचे बोलणेही धावतेच होते. आज लिहायला बसलो, कारण परवा एक गोष्ट घडली आणि ती ऐकताना मध्येच थांबवून काही विचारावे लागणार नाही असा माणूस माझ्या ओळखीत तूच आहेस. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, माझी पाठ अधूनमधून दुखते, तेवढे चालायचेच. तुझ्या आईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडल्याचे ताईकडून कळले; त्यांना माझा नमस्कार सांग.

आम्ही आमच्या चिनूला चित्रपट पाहायला घेऊन गेलो. साध्या खेळाला, इतर सगळ्या प्रेक्षकांबरोबर.

मागच्या खेपेला आपले यावरूनच वाजले होते. "घरी मोठा टीव्ही घे, हवा तेवढाच आवाज ठेव आणि दाखव त्याला, बाहेर नेऊन पोराचे हाल कशाला करतोस?" असे तू म्हणालास आणि मी बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवला. तुझा हेतू मला तेव्हाही कळत होता. पण चित्रपटगृहात जायचे हा आग्रह आमचा नव्हता, त्याचा होता. शाळेच्या वाटेवर लागणाऱ्या फलकावरचे पोस्टर बदलले की तो घरी येऊन सांगतो, आणि कित्येक महिने त्याचे एकच वाक्य चालू होते, "मोठ्या पडद्यावर बघायचं." ज्या मुलाने स्वतःहून काही मागावे म्हणून आम्ही आणि त्याच्या थेरपीच्या ताईंनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याने एका पूर्ण वाक्यात काही मागितले, तर त्याला घरातला पडदा दाखवून गप्प कसे करायचे?

त्याच्यासारख्या, ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसाठी वेगळे खेळ असतात, हे खरे आहे. अमेरिकेत एएमसी या चित्रपटगृहांच्या साखळीने तिथल्या ऑटिझम सोसायटीला बरोबर घेऊन २००७ साली असे खेळ सुरू केले, आणि आता निरनिराळ्या देशांत तसे प्रयोग होतात. दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज उतरवतात, आणि मुलांनी उठावे, फिरावे, नाचावे, ओरडावे, याला पूर्ण मुभा असते. अशा एका खेळाला आम्ही त्याला नेले होते. माझ्या बायकोने त्या दिवशी प्रथमच बाहेर कुठेतरी पाठ टेकून बसल्यासारखे वाटले असे सांगितले, कारण आजूबाजूची सगळीच मुले काही ना काही करीत होती आणि कोणीही कोणाकडे वळून पाहत नव्हते. पण असे खेळ क्वचित होतात, आणि तिथे लागणारे चित्रपट बहुधा अगदी लहान मुलांचे असतात. चिनूला बोलणारी जनावरे आवडत नाहीत. त्याला अंतराळयाने लागतात, आणि ती इंजिनांचा अचूक क्रम सांगता येईल इतकी खरी दिसावी लागतात.

म्हणून यावेळी साधा खेळ. त्याची तयारी आम्ही ज्या बारकाईने केली ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिच्यात आपले सर्वांत जुने भांडण मिटले आहे. तू पुढच्या रांगांचा, मी शेवटच्या रांगेचा; या एका मुद्द्यावरून आपण तिकीटखिडकीसमोर मागच्या लोकांच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. आता नीट ऐक. घुमणारा आवाज काढणारे मोठे स्पीकर पडद्यामागे, खाली असतात. भोवतालच्या आवाजाचे स्पीकर बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर असतात. म्हणजे पुढे बसले तर छातीत धडधड आणि मागे बसले तर कानामागे अचानक दार आपटते. आपण दोघेही चुकीचे होतो. चिनूसाठी जागा मधल्या रांगांतली, कडेची, दारापासून जवळची. शिवाय घडीच्या खुर्च्या हलक्या मुलाच्या वजनाने पूर्ण खाली राहत नाहीत, टप्पकन मिटतात, आणि तो एक धक्का पुढचे दोन तास वाया घालवू शकतो. म्हणून त्याच्याबरोबर त्याचे जड दप्तरही खुर्चीवर बसते.

आवाजाबद्दल मी बरेच वाचले. चित्रपटगृहाची यंत्रणा जुळवताना प्रत्येक मुख्य स्पीकरची पातळी ८५ डेसिबलला धरतात आणि स्फोटासारख्या क्षणांसाठी तिच्यावर आणखी २० डेसिबलची जागा ठेवलेली असते. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे तो क्षण किती मोठा असतो याचा हिशेब तू कर. ऑटिझम असलेल्या कितीतरी लोकांना हे नुसते मोठे वाटत नाही, दुखते. टेम्पल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या प्राध्यापिकेने लहानपणी मोठे आवाज दंतवैद्याचे यंत्र नसेला लागावे तसे वाटत, असे लिहिले आहे. निदानाच्या अधिकृत निकषांत संवेदनांचा हा भाग अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली समाविष्ट केला. त्याआधी कान दाबून धरणाऱ्या मुलांच्या आईबापांना किती जणांनी "लाडावलाय" असे ऐकवले असेल! आणि हाच मुलगा घरी स्वतः पातेल्यावर डाव बडवतो, तेव्हा त्याला काही होत नाही, कारण तो आवाज केव्हा येणार हे त्याला ठाऊक असते. अवचित येणारा आवाज त्याला सोसत नाही. कान झाकणारे इअरमफ घातल्यावर चिरके आवाज पुष्कळ कमी होतात, पण खोल घुमणारे आवाज खुर्चीतून आणि बरगड्यांतून आत येतातच. म्हणून आम्ही चित्रपटाचा कथाभाग आधी मिळवला, कुठे स्फोट होतो, कुठे अंधार होतो, हे चित्रे काढून एका वहीत लिहिले, आणि ती वही त्याने पाठ केली. जाहिराती आणि पुढच्या चित्रपटांच्या झलका या वहीत बसत नाहीत, म्हणून दिवे पूर्ण मालवून मुख्य चित्रपट सुरू होईपर्यंत आम्ही बाहेर थांबलो. स्वच्छतागृहातले हात वाळवायचे यंत्रही टाळले. त्या यंत्रापायी मागे एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

पहिला तासभर त्याने पडद्यावरून नजर हलवली नाही. यान उडाले तेव्हा मीच दचकलो आणि त्याने माझा हात धरून "वहीत आहे" असे सांगितले.

नंतर कथेतला तो शांत, लांबलेला भाग आला. चिनू हात फडफडवू लागला आणि घशातून त्याचा तो सूर काढू लागला. तुला तो सूर माहीत आहे. आनंद फार झाला की तो येतो. त्याला वाईट काही वाटत नव्हते, तो कोसळतही नव्हता, तो सुखात होता. मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकले आणि हळू आवाजात, अगदी सभ्य भाषेत म्हणाले, "अजून लहान आहे म्हणून ठीक आहे, पण अशा मुलांना इथे आणू नये."

मी त्यांच्यावर रागावलो नाही. त्यांनी पैसे देऊन तिकीट काढले होते आणि त्यांना संवाद ऐकू येत नव्हते. पण तेव्हापासून त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझ्या डोक्यातून जात नाही. अजून लहान आहे म्हणून ठीक आहे. मित्रा, हे खरे आहे, आणि हेच मला झोपू देत नाही. आज तो नऊ वर्षांचा आहे, गालाला खळी पडते, गोरागोमटा दिसतो, आणि त्याच्या हातांच्या फडफडण्याकडे पाहून निम्मे लोक हसतात तरी. आणखी काही वर्षांनी आवाज फुटेल, मिसरूड येईल, माझ्याहून उंच होईल. त्याच्या मामाकडे पाहता नक्कीच होईल. तोच सूर तेव्हा एका पुरुषाच्या गळ्यातून अंधारात येईल, आणि आज जे लोक कपाळाला आठी घालतात ते त्या दिवशी घाबरतील. घाबरलेली माणसे सभ्य भाषेत बोलत नाहीत, ती कोणाला तरी बोलावून आणतात. त्याने काय केले असेल? त्याला यान उडालेले आवडले असेल.

शाळेतल्या समुपदेशकांचा सल्ला असा आहे, की चारचौघांत हात खाली ठेवायची सवय त्याला आतापासून लावावी. मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि मला ते पटत नाही. तो हात फडफडवतो तेव्हा आतला भार बाहेर टाकतो, आनंदाचा असो की भीतीचा. ते बंद केले तर भार कुठे जाईल? मोठेपणी ज्यांनी स्वतःच्या बालपणाविषयी लिहिले आहे, त्यातले अनेक ऑटिस्टिक लोक सांगतात, की दिवसभर हात आवळून बसायचे आणि घरी येऊन थकव्याने कोसळायचे, एवढेच त्यांना त्या शिकवणीतून मिळाले. माझी बायको तर समुपदेशकांना म्हणाली, की अशाने तो सिनेमा बघणारच नाही, स्वतःचे हातच बघत बसेल. ती दोन वाक्यांत जिथे पोहोचते तिथे मी चार पानांनी पोहोचतो, हे तुझे जुने निरीक्षण पुन्हा खरे ठरले.

पण पटत नाही म्हणून काळजी सुटत नाही. मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक प्रेक्षकांसाठी संध्याकाळचे वेगळे खेळ काही ठिकाणी होतात. ते सर्वत्र व्हावेत असे मला वाटते. तरीही माणसाने आयुष्यभर वेगळ्याच खेळाला जावे हे मला मान्य नाही. त्याला ज्या दिवशी जो चित्रपट पाहावासा वाटेल, त्या दिवशी तो पाहता यावा, आणि त्यासाठी आमची वही, आमचे कान, आमचे दप्तर लागू नये. आम्ही नसू तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसेल, हा माझा प्रश्न आहे. तू फोनवर म्हणतोस तसे "पुढचे पुढे" मला जमत नाही. कॉलेजातही जमत नव्हते, आणि त्यावरूनही आपले भांडण होतेच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. चित्रपट संपला, लोक उठले, दिवे अर्धे लागले. आम्ही सामान आवरू लागलो, तोवर चिनू दाराकडे न जाता पायऱ्यांवर मध्येच जाऊन पडद्याकडे तोंड करून उभा राहिला. इअरमफ काढून गळ्यात घेतले आणि वर सरकणारी नावे मोठ्याने वाचू लागला. दिव्यांवरची माणसे, सुतार, रंगारी, हिशेब ठेवणारे, गाड्या चालवणारे, सगळे. मी "चल" म्हणालो, तर माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अजून माणसं आहेत." माझ्या अंगावर काटा आला. शब्द वेगळे होते, पण हट्ट तुझा होता! तू आम्हा सगळ्यांना बस चुकेपर्यंत बसवून ठेवायचास, आणि हाताला धरून ओढले की "यांची नावे कोण वाचणार?" असे चिडून विचारायचास. झाडू घेऊन आलेले दोघे कर्मचारी भिंतीला टेकून थांबले. एकाने तर त्याच्याबरोबर दोनचार नावे वाचली. अगदी शेवटी रोमन अंकांतले साल आले, ते त्याने उभ्याउभ्या आपल्या आकड्यांत करून सांगितले, आणि मगच पायऱ्या उतरला. घरच्या टीव्हीवर ही नावे पुरती दिसण्याआधीच पुढचे काहीतरी सुरू होते, म्हणून त्याला मोठा पडदा हवा होता, हे आम्हाला परतताना उलगडले. तू हे त्याला कधी शिकवलेले नाहीस. त्याच्यासमोर तू एकही चित्रपट पाहिलेला नाहीस.

म्हणून तुला विनंती करतो. बदलीची धावपळ संपून, नवे घर लावून झाले, की सुट्टीत इकडे ये आणि त्याला तू घेऊन जा. आम्ही बरोबर येणार नाही. मुलींनाही आण, धाकटीशी त्याचे जमते. वही मी करून ठेवीन. तिच्यात लिहिलेले तेवढे पाळ आणि तिच्यात नसलेले काही घडणार असेल तर त्याला आधी सांग. त्याला न विचारता खांद्यावर हात ठेवू नकोस, पण त्याने तुझा हात धरला तर तो सोडेपर्यंत सोडू नकोस. मागून कोणी काही बोलले, तर भांडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दाराजवळच्या जागा घे आणि पुढच्या रांगेचा मोह आवर. फक्त कधी येणार ते लवकर कळव, कारण तो तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो, आणि एकदा लिहिलेली तारीख आमच्या घरात बदलता येत नाही.

तुझा,
शेवटच्या रांगेतला