भौतिकशास्त्राच्या परीक्षेची ऑनलाइन तयारी : गटातील सर्वांसाठी सूचना

सर्व विद्यार्थी सदस्यांना,

गटात रोज पाच-सहा व्हिडिओंच्या लिंक येत आहेत. कृपया त्या थांबवूया. इतक्या गर्दीत नेमकं काय बघायचं तेच कळेनासं होतं, आणि बघत बसण्यात संध्याकाळ जाते.

संकल्पना अडली असेल तर खान अकॅडमी पुरेशी आहे. सलग वाचायचं असेल तर ओपनस्टॅक्सवर शालेय भौतिकशास्त्राचं पूर्ण पुस्तक मोफत आहे. पण माझा खरा आग्रह फेटसाठी (PhET) आहे; तिथे भौतिकशास्त्राचे प्रयोग सिम्युलेशनच्या रूपात, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघता येतात. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातलं प्रक्षेप्य गतीचं सिम्युलेशन उघडा. तोफ जमिनीलगत आणा, हवेचा रोध बंद ठेवा. एकाच वेगाने गोळा आधी ३० अंशांत, मग ६० अंशांत सोडा. दोन्ही गोळे एकाच जागी पडतात! आता पल्ल्याच्या, म्हणजे गोळा किती लांब पडतो त्याच्या, सूत्रात साइन २θ (θ म्हणजे तोफेचा कोन) का येतो ते वहीत सोडवून बघा. आधी डोळ्यांनी पाहिलेलं असलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका मात्र आपापल्या मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, गुणदान योजनेसकट. इतरत्र फिरणाऱ्या उत्तरपत्रिकांत एककं आणि चिन्हं चुकलेली असतात, आणि तीच चूक हाताला लागते.

उदाहरण अडलं तर स्वतः केलेल्या पायऱ्यांचा फोटो गटात टाका. नुसता प्रश्न नको. कुठे घसरलं ते दिसलं तरच मदत करता येते.