सव्वा गुंठ्याचा हिशोब

प्रिय बाई,

हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठता.

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यात तुमच्याकडे लॅपटॉप घेऊन आले, तेव्हा माहितीपटांचं हे काम सोडायचंच ठरवलं होतं. महाप्याच्या एका कंपनीत व्हिडिओ करायची नोकरी चालून आली होती. महिन्याच्या महिन्याला पगार. इथे एपिसोडमागे पैसे, तेही निर्मात्याला आठवण झाली तर. नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांवरची, म्हणजे शहर वसवताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यावरची, माझी फिल्म अर्धवट पडली होती. तुम्ही नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. "रशेस दाखव," एवढंच म्हणालात. (रशेस म्हणजे न कापलेलं, कच्चं शूटिंग.)

सव्वातीन तास बघितलंत. मांडीवर वही, समासात टाइमकोड, म्हणजे कुठलं दृश्य किती वाजून गेल्यावर येतं त्याच्या नोंदी. मध्ये एकदाच ओरडलात: "अगं, आजी बोटानं शेत दाखवतायत आणि तुझा कॅमेरा बिल्डिंगवर!"

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि काही वर्षांतच तुम्ही वरळीला प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून लागलात. यूमॅटिक या जुन्या व्हिडिओ कॅसेटचा जमाना. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, वायरीनं जोडलेला रेकॉर्डर दुसऱ्याच्या, आणि बाहेरच्या शूटिंगला मिळणारी कॅसेट वीस मिनिटांची. त्यामुळे काय विचारायचं ते गाडीतच ठरवून उतरायची तुमची सवय. आमच्याकडे मेमरी कार्डंच कार्डं, म्हणून आम्ही विचार न करता भरत सुटतो. (हे तुम्ही म्हणाला नाहीत. चेहऱ्यावर दिसलं.)

पण खरी शिकवणी झाली ती निवेदनाच्या एका वाक्यावर. मी लिहिलं होतं: 'जानेवारी १९८४ च्या आंदोलनात उरणमध्ये पाच शेतकरी गोळीबारात गेले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली.' तुम्ही वहीतून मान वर केलीत.

"साडेबारा टक्के म्हणजे किती? माझ्या पोळीवाल्या बाईंना कळेल असं सांग."

"दहा गुंठे गेले तर सव्वा गुंठा."

"हातात तेवढाच पडला? त्यांना विचारलंस?"

विचारलं नव्हतं. कागदावर होतं, मी उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऐरोलीहून निघून परत कोपरखैरण्याला गेले. आजींचा मुलगा हसला. सार्वजनिक सोयीसुविधांसाठी त्यातूनही तीस टक्के कापतात, म्हणाला. दहा गुंठ्यांमागे गुंठाभरसुद्धा पदरात पडत नाही. मी कागदपत्रं पुन्हा काढली. हिशोब बरोबर होता: साडेबाराचे पावणेनऊ. तीस टक्क्यांचं सांगताना त्या मुलानं दोन्ही हात पसरून ओटीवरच गुंठ्याची रुंदी दाखवायचा प्रयत्न केला आणि हात पुरेनात. या वेळी कॅमेरा हलला नाही. आजीही तिथेच बसल्या होत्या, सुपात तांदूळ निवडत.

फिल्ममध्ये आता ते निवेदन नाहीच. तो आहे आणि त्याचे हात आहेत. श्रेयनामावलीत तुमचं नाव घालते म्हटलं तर "मी काय केलं?" म्हणून मोडता घातलात. इतकी वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं पडद्यावर आणलंत, स्वतःचं नाव मात्र दोन सेकंदांत सरकून जाऊ दिलंत. मला त्याचा राग येतो, तुम्हाला येत नाही.

महाप्याला नको म्हणून कळवलं. पैशांची ओढाताण आहे तशीच आहे.

तुमची वही माझ्याकडेच राहिलीय. रविवारी घेऊन येते, नव्या फिल्मच्या रशेससकट. चाळीस मिनिटांचेच आहेत.

तुमची,
ऐरोलीची